फकिराचं तारण

श्रावणात पाऊस असा लागला की बेलखेड्यात चुलीतलं सरपण धुमसायचं, पेटायचं नाही. मांगवाड्यातल्या भिंती कंबरेपर्यंत ओल्या झाल्या होत्या. पोळा तोंडावर आला होता आणि फकिराच्या घरात दोर वळायचं काम चाललं होतं. अंगणात चिखल, म्हणून तुळजाबाई वाखाचं टोक धरून उंबऱ्यात बसायची आणि फकिरा दुसरं टोक घेऊन पार आतल्या भिंतीला पाठ लावायचा. तो पीळ द्यायचा, ती धरून ठेवायची. ओल्या हवेत अंबाडीचा वाख बोटांना चिकटतो, पण पीळ बरा बसतो. कासरे, वेसणी, दावी, मोरख्या. तयार झालेले दोर आढ्याला टांगून ठेवलेले, त्यांच्याखालून वाकून जावं लागायचं.

अठ्ठ्याऐंशी साल होतं ते. मांगवाड्यातली काही घरं तोवर ख्रिस्ती झाली होती. पहिला म्हातारा दादाजी झाला. मग तुळजाबाई. तिची लेक चंद्रभागा बाळंतपणात तापानं फणफणली होती, आशा सोडून दवाखान्यातून घरी आणली होती. तेव्हा जवळच्या मावला गावचा पास्टर देवदानम सायकलवरून आला, तिच्या उशाशी गुडघे टेकून बसला आणि पहाट होईस्तोवर उठला नाही. पोरगी वाचली. तुळजाबाईनं त्याच उन्हाळ्यात बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. फकिरा म्हणाला, "तू जाशीन तं मी एकटा काठावर राहून काय करू?" आणि बायकोच्या मागोमाग तोही नाल्याच्या डोहात उतरला. वर आल्यावर कोणी न सांगता त्यानं घरातली हलगी आणली आणि विळ्यानं तिचं चामडं फाडलं. बापाच्या वेळची हलगी होती. मरीमायच्या गाड्यापुढं पंचक्रोशीत फकिरासारखी कोणी वाजवत नव्हतं.

तारण हा शब्द त्याला पहिल्यापासून गमतीचा वाटायचा. पास्टर म्हणायचा, तुमाला तारण मिळालं. फकिरा तुळजाबाईला घरी येऊन म्हणायचा, "आपल्याकडं तारण म्हणजे गहाण ठेवलेलं. कवा सुटते, कवा बुडते, काही भरवसा नाही."

"हे वेगळं तारण हाये," ती म्हणायची. "हे बुडत नाही."

"तू म्हणतेस तं नसन बुडत."

त्या श्रावणात गावात हगवण आली. आधी वरच्या आळीतली एक म्हातारी गेली, मग द्वारकाबाईचा मधला पोरगा. द्वारकाबाई कुणब्याची, नवरा आधीच मेलेला, थोडी कोरडवाहू जमीन आणि तीन लेकरं. पोरगा सकाळी अंगणात खेळला आणि संध्याकाळी त्याला नेऊन पुरला. नाल्याला पूर होता, पलीकडच्या तलमडुगूहून डॉक्टर येऊ शकत नव्हता. गावानं ठरवलं, साथीची देवी मरीमाय, तिचा गाडा काढायचा आणि शिवेपार नेऊन सोडायचा.

माणिकराव पटेलानं फकिराला चावडीवर बोलावलं. सरकारनं गावोगावच्या वतनी पटेलक्या मोडून चार वर्षं झाली होती, पण बेलखेड्यात माणिकराव पटेलच होता. फकिरा पायरीखाली उभा राहिला. डोक्यावर पोतं, त्यावरून पाणी गळत होतं.

"मंगळवारी गाडा हाये," पटेल म्हणाला. "हलगी आण."

"हलगी नाही राह्यली, मालक. म्या सोडली ते."

"चंपतच्या घरी हाये का नाही?"

चंपत फकिराचा चुलतभाऊ. तो ख्रिस्ती झाला नव्हता, पण बायकापोरं घेऊन निजामाबादकडं कामाला गेला होता. त्याची हलगी त्याच्या घरात खुंटीला होती.

"हाये जी. पण मी नाही वाजवत. दुसरं कायबी सांगा. गाडा ओढतो, खड्डे करतो."

पटेल रागावला नाही. तो पान लावत म्हणाला, "बरं. तुया देवानं तुले नाही म्हणायले शिकवलं. आमचाबी देव आमाले शिकवते काही."

दुसऱ्या दिवसापासून फकिराकडं कोणी दोर न्यायला आलं नाही. तो कासरे खांद्यावर टाकून घरोघर फिरला. "आमी आदिलाबादहून नायलॉनचे आणले," असं एकानं सांगितलं. दुसऱ्याच्या बायकोनं नुसतं दार ओढून घेतलं. एका वाड्यात त्याच्याच हातची गेल्या वर्षीची वेसण बैलाच्या नाकात होती, कुजायला आलेली. मालक म्हणाला, "चालते अजून." निंदणाला तुळजाबाई गेली तर मुकादमीण म्हणाली, बाया पुऱ्या झाल्या. कपाशीच्या ओळींत गवत गुडघ्याला लागत होतं.

फकिरा घरी येऊन पुन्हा वळायला बसायचा. "कोणासाठी वळता?" असं तुळजाबाई विचारायची नाही. ती आपलं टोक धरून बसायची. तिला त्याचा अभिमान वाटत होता. रविवारी मांगवाड्यातल्या प्रार्थनाघरात तिनं उभं राहून सांगितलं की गाव आमाला सतावून राह्यलं, पण घरधनी डगमगला नाही. दादाजीनं डोळे पुसले. पास्टर देवदानमनं फकिराच्या डोक्यावर हात ठेवला. फकिरा खाली बघत राहिला. परत येताना म्हणाला, "लोकांपुढं काऊन सांगतलंस व? उद्या पाय घसरला तं?"

आणि सोमवारी द्वारकाबाई आली.

पाऊस जरा थांबला होता. ती मांगवाड्यात कधी आली नव्हती. अंगणाच्या कडेला चिखलातच बसली. कडेवर धाकटी पोरगी, मान टाकलेली, ओठ सुकलेले. तुळजाबाईनं पोतं पुढं सरकवलं, पण ती त्यावर बसली नाही.

"फकिरा," ती म्हणाली, "हिले बी हगवण लागली रे काल रातीपासून."

फकिरानं हातातला वाख खाली ठेवला.

"मले पटेलानं नाही धाडलं. त्याचं त्याच्यापाशी. माय म्हणून आली मी. तू वाजवल्याबिगर गाडा शिवेपार जात नाही म्हणतात सगळे. खरं का खोटं, मले नाही कळत. पण उद्या हे गेली तं जलमभर मले वाटन, फकिरानं वाजवलं असतं तं..." 

तुळजाबाई आत गेली. तांब्यात पाणी घेतलं, गूळ आणि मीठ टाकलं. पास्टरच्या बायकोनं शिकवलं होतं तसं. बाहेर येऊन तिनं ते पाणी पोरीच्या ओठांशी बोटानं लावलं. द्वारकाबाईनं नको म्हटलं नाही. मांगाच्या घरचं पाणी आहे हे त्या वेळी तिच्या ध्यानातही आलं नसावं. पोरीनं चाटलं.

"हेच पाजत राहा," तुळजाबाई म्हणाली. "उकळून, गार करून. घडीघडी."

"पाजतो बाई. पण फकिरा वाजवीन ना?"

फकिरानं बायकोकडं पाहिलं. तुळजाबाईला तेव्हा काहीतरी बोलता आलं असतं. हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. तिनं तांब्या घासायला घेतला.

मंगळवारी फकिरानं चंपतच्या खुंटीवरची हलगी काढली. चामडं सादळलं होतं, त्यानं गवत पेटवून ते तापवलं. दुपारी गाडा निघाला. तुळजाबाई घरात बसून होती. हलगीचा आवाज वरच्या आळीतून निघाला, देवळापाशी आला, मग नाल्याकडं वळला. हलगी सोडून इतके दिवस झाले तरी त्याचा हात जरासुद्धा चुकत नव्हता. ती कान झाकून घेणार होती, पण तिनं झाकले नाहीत. आवाज शिवेपार जाऊन विझेपर्यंत ती ऐकत बसली, आणि तिला तो आवडला. पुढं कितीतरी वर्षं तिला ह्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

द्वारकाबाईची पोरगी वाचली. गुळाच्या पाण्यानं की गाड्यानं, ज्यानं त्यानं आपापलं मानलं. पोळ्याच्या आधी फकिराचे सगळे दोर खपले.

पास्टर देवदानमला बातमी लागायला रविवार उजाडला. तो तेलुगू माणूस, बोलायचा मराठीत, पण चिडला की हिंदीत शिरायचा. त्या दिवशी तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. प्रार्थनाघरात शिरण्याआधी त्यानं तुळजाबाईला बाजूला बोलावलं.

"अम्मा, सच बोलना. फकिरानं वाजवलं?"

"हो."

"तुमी थांबवलं नाही?"

"नाही."

मग त्यानं फकिराला विचारलं. सगळे जमले होते. फकिरा म्हणाला, "वाजवलं जी."

"मग उभं राहून सांगा की मोठं पाप झालं. पुन्हा होणार नाही. प्रभू क्षमा करेल."

फकिरा उभा राहिला. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. तो म्हणाला, "माया हातून कायबी झालं असन त्याची माफी मागतो. पण त्या लेकराच्या मायले मी 'नाही' म्हणायले पाह्यजे होतं, असं म्हणा म्हणान तं ते माया तोंडातून निघत नाही. खोटं कसं बोलू इथं?"

"तुमी मरीमायपुढं वाजवलं."

"मी द्वारकाबाईपुढं वाजवलं."

दादाजी म्हणाला, "फकिरा, अरे म्हणून टाक. शब्दच तं हाये."

"शब्दच हाये म्हणून नाही म्हणत, दादाजी."

 देवदानमच्याही वर कोणी होतं, मोठे पास्टर, मंडळी, नियम. तो हळू म्हणाला, "जो उजेड पाहून परत अंधारात जातो, त्याच्यासाठी दुसरा दिवा नाही. मी नाही म्हणत, तसं लिहिलेलं आहे. मिळालेलं तारण माणूस घालवून बसतो." कबूल करेपर्यंत फकिरानं प्रभुभोजन घ्यायचं नाही, असं त्यानं सांगितलं.

त्या दिवशीच प्रभुभोजन होतं. फकिरा उठून गेला नाही, आपल्या जागी बसून राहिला. भाकरीचे तुकडे पितळी ताटलीत घेऊन दादाजीनं ती ओळीत दिली. हातोहात सरकत ती तुळजाबाईकडं आली. तिच्या पलीकडं फकिरा होता. तिनं आपला तुकडा घेतला. पास्टर पाहत होता, दादाजी पाहत होता. तुळजाबाईनं हात लांब करून, नवऱ्याच्या गुडघ्यांवरून, ताटली पलीकडच्या माणसाला दिली. फकिरानं तिला वाट व्हावी म्हणून अंग मागं घेतलं. जेवणाच्या पंगतीत आपल्याला वाढायचं नाही हे ठाऊक असलेला माणूस घेतो, तसं.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुया हात भरून आला असन. लांबून द्या लागली."

त्यानंतर फकिरा आत बसला नाही. पण आला दर रविवारी. प्रार्थनाघराच्या दाराजवळ कडुनिंब होता, त्याखाली बसून ऐकायचा. गाणं सुरू झालं की गुडघ्यावर बोटं हलायची. उन्हाळ्यात छपराची कवेलं त्यानंच फेरली, वासे त्यानंच आवळले. देवदानम त्याला कधी टाकून बोलला नाही. येताजाता विचारायचा, "फकिरा, काही ठरलं?" फकिरा म्हणायचा, "नाही जी अजून." हसून म्हणायचा. पटेलाची माणसं पुढच्या सालीही बोलवायला आली, तेव्हा चंपत परतला होता. फकिरा गेला नाही. हलगी त्यानं पुन्हा हातात घेतली नाही. हे सगळ्यांनी पाहिलं. पण कबूल केल्याशिवाय त्याला मंडळीत मोजता येत नव्हतं.

तुळजाबाई त्याच्या पाठीमागं लागायची. कधी गोडीनं, कधी रागानं. "एका शब्दासाठी कायले अडून बसले? आपण दोघं संगं उतरलो पाण्यात. उद्या मी एकीकडं अन् तुमी एकीकडं, असं पाह्यजे का?"

"नाही पाह्यजे," तो म्हणायचा, आणि वाखाचं टोक तिच्या हातात द्यायचा. ती धरायची.

पुढं दोराचं काम बसलं. गावात सगळीकडं निळे-हिरवे नायलॉनचे दोर दिसायला लागले, अंबाडीही कोणी फारशी पेरेना. फकिरा विहिरीच्या खोदकामावर जाऊ लागला. सुरुंगाचा धूर आणि दगडाचा भुगा खात त्यानं काही उन्हाळे काढले, आणि मग खोकला लागला. आदिलाबादच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी काही महिने बरं वाटलं. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. अंग इतकं हलकं झालं की तुळजाबाई त्याला एकटी उचलून उन्हात ठेवायची.

त्या दिवशीही तिनं त्याला अंगणात उन्हाला ठेवलं होतं. ती जवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. फकिरानं हाक मारली.

"तुळजे."

लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं क्वचितच हाक मारली होती.

"काय जी?"

"एक इचारू? खरं सांग. मी आत हाये का बाहेर?"

तिला वाटलं, घराचं विचारतोय. "अंगणात हाये तुमी. थंडी वाजते का?"

"तसं नाही." तो दम खात थांबला. "पास्टर म्हणते तारण गेलं. दादाजी म्हणते ठाऊक नाही. माया मनाले वाटते, डोहात ज्यानं धरलं त्यानं काही हात सोडला नाही. पण माया मनाचं काय घेऊन बसते. तू माया आधी आली यात. तुले जास्त कळते. तुले काय वाटते?"

तुळजाबाईनं हातातली शेंग सोलून टाकली. तिला काय वाटतं हे तिला ठाऊक होतं. निंबाखाली बसलेला हा माणूस, ह्याला देव टाकतो असं तिच्या मनाला कधी पटलं नव्हतं. पण तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. आपण अडाणी बाई, आपण हो म्हटलं आणि तिथं ते खोटं ठरलं तर? मरणाऱ्या माणसाला आपल्या जिवावर कसं सांगायचं?

"पास्टरले बोलावतो," ती म्हणाली. "ते सांगतीन नीट."

फकिरानं मान हलवली. "बरं," म्हणाला. "बोलाव." आणि ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

तिनं शेजारच्या माणसाला मावल्याला धाडलं. देवदानम उटनूरकडं गेला होता, निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती पेज गाळत असताना, फकिरा गेला. तिनं वळून पाहिलं तेव्हा माशी त्याच्या ओठावर बसली होती आणि त्यानं ती उडवली नव्हती.

मग मातीचा प्रश्न आला. मांगवाड्याची जुनी मसणवटी नाल्याकाठी होती. तिथं जागा विचारली तर पटेलानं सांगून पाठवलं, तो तुमच्यातला झाला ना, तुमच्यात पुरा. ख्रिस्ती लोकांचा तुकडा प्रार्थनाघरामागं होता, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला. दादाजी तिथं कुदळ घेऊन उभा होता, पण खणेना.

"पास्टरले इचारल्याबिगर मी कसं करू, बाई? नेम हाये. त्याचं नाव मंडळीतून काढलेलं."

ऊन चढलं. देवदानमचा पत्ता नव्हता. लोक चुळबुळायला लागले. शेवटी दादाजीनंच तोड काढली. कुंपणाला लागून, पण बाहेरच्या अंगाला खणायचं. म्हणजे आपल्यातही झालं आणि नेमही मोडला नाही. त्यानं तुळजाबाईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तिनं नाही म्हटलं असतं तर कदाचित दादाजी ऐकला असता. त्याला ऐकायचंच होतं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली.

काट्यांच्या बाहेर फकिराला पुरलं. द्वारकाबाई आली होती, तिच्या बाजूला ती वाचलेली पोरगी, आता परकर सावरणारी. तिला कोणी काही सांगितलेलं नसावं. ती इकडंतिकडं पाहत होती. देवदानम संध्याकाळी पोचला. मातीपाशी बराच वेळ उभा राहिला, टोपी हातात घेऊन.  पुढं वर्षभरात त्याची बदली झाली.

नवा पास्टर सालोमन निर्मलकडचा, तरुण, मराठी चांगलं बोलणारा. तो घरोघर जाऊन ओळख करून घेत होता. तुळजाबाईनं त्याला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तो मन लावून जेवला. जेवताना त्यानं विचारलं, तुमचे यजमान? तेव्हा तिनं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. सांगताना ती चुलीकडं पाहत होती.

सालोमननं घास चावता चावताच म्हटलं, "मग ते गेले प्रभूकडं. त्यात काय शंका? एकदा मिळालेलं तारण कोणी हिरावत नाही, आई. माणसाच्या चुकीनं ते जात असतं तर आपल्यापैकी कोणाकडं राहिलं असतं?" आणि त्यानं आणखी भाजी मागितली.

तुळजाबाई पळी हातात घेऊन बसून राहिली. इतकी सोपी गोष्ट. जेवता जेवता सांगण्यासारखी. तिला वाटलं होतं, असं कोणी म्हणालं तर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. जागेवरच नुसता कलला.

"देवदानम पास्टर तं दुसरं सांगत," ती म्हणाली.

"काही लोक तसं मानतात. त्यांचाही अभ्यास आहे. पण मला तसं वाटत नाही."

"तुमाले वाटते," ती म्हणाली. "तुमी वाटते म्हणून सांगता."

त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "हो, मनापासून सांगतो."

तिनं भाजी वाढली.

पुढच्या आठवड्यात सालोमननंच पुढाकार घेतला. कुंपण तसंही जुनं झालं होतं. दादाजी आता नीट वाकू शकत नव्हता, तरी आला. तिघांनी मिळून बाभळीच्या काटेरी फांद्यांचे जुने फास ओढून काढले, नवे तोडून आणले आणि फकिराची माती आत घेऊन पुन्हा रोवले. तुळजाबाईच्या दंडाला काटे ओरबाडले, पदर फाटला. दुपारपर्यंत काम झालं.

दादाजी कुदळीवर टेकून श्वास घेत होता. म्हणाला, "झालं बाई. फकिरा आत आला."

तुळजाबाई तळहातात मोडलेला काटा काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तो आतच होता, दादाजी," ती म्हणाली. "मले ठाऊक होतं. त्यानं मले इचारलं, अन् म्या सांगतलं नाही."

सालोमन काही बोलायला गेला, पण दादाजीनं त्याचा हात धरला. तुळजाबाईनं काटा काढून टाकला, उरलेले फास गोळा करून डोक्यावर घेतले, आणि सरपणाला होतील म्हणून घरी निघाली.